खडी लई फुटंल

लातूरच्या बसस्टँडवर आजही कुणी ना कुणी मला हाक मारतं, "ओ आक्का, चहा घेता का?" मी सत्तरी ओलांडलेला, मिशी राखलेला माणूस. घरात दोन नातवंडं आहेत. तरी मी वळतो आणि चहा घेतो, कारण फुकटचा चहा सोडू नये हा कलावंताचा पहिला धर्म. मग दुसऱ्या घोटाला तो माणूस लाडात येतो आणि म्हणतो, "एकदा म्हणा की. खडी लई फुटंल!" मी म्हणत नाही. कप ठेवून निघतो. म्हातारा माजलाय, असं त्याला वाटतं. वाटू दे.

माझ्या सत्काराच्या प्रत्येक पत्रिकेवर छापलेलं आहे, 'सुप्रसिद्ध विनोदी नट व लेखक'. नट होतो हे खरं. लेखक मी कधीच नव्हतो. लेखक होती माझी थोरली बहीण, आणि तिनं उभ्या जन्मात कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलं नाही. तिच्या बोलण्यावर मी पंधरा वर्षं पोट भरलं, मानधन घेतलं, शाली घेतल्या. त्यातली एक गोष्ट मी घ्यायला नको होती. ती घेतली, आणि माझी बहीण मला उरली नाही.

दुष्काळ पडला तेव्हा लातूर हे नुसतं तालुक्याचं गाव होतं. मी मॅट्रिक झालो होतो, तेही दुसऱ्या फटक्यात, आणि रेणापूरच्या पलीकडं रस्त्याच्या दुष्काळी कामावर मला हजेरी घ्यायला ठेवलं होतं. म्हणजे लिंबाच्या सावलीला टेबल मांडून बसायचं आणि नावं पुकारायची. त्याच कामावर उन्हात माझी आक्का खडी फोडत होती. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मला आक्कानंच वाढवलेलं. दाजी मुंबईकडं कामाला गेलेले, सासूला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून दीड वर्षाची अंगावर पिणारी पोरगी आक्का कामावरच घेऊन यायची. माझ्याच टेबलामागं, लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असायची. मी सावलीत, बहीण उन्हात. याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती. सरकारी काम लागलं म्हणून उलट छाती फुगलेली होती.

आक्काच्या जिभेला धार होती. मुकादम येऊन म्हणायचा, "बाई, खडी लई मोठी हाय, बारीक कर." ती मान वर न करता म्हणायची, "मुकादम, रस्ता करायलाव का थालीपीठ?" मग आख्ख्या रांगेच्या हातोड्या थांबायच्या आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रेशनला तांबडा मिलो आला. तो किती शिजवला तरी कच्चाच. तपासणीला आलेला साहेब कौतुकानं सांगू लागला, की ही ज्वारी थेट अमेरिकेतनं आली आहे. आक्का म्हणाली, "तरीच शिजंना. लई लांबून आली, थकली आसंल." साहेबही हसला. त्यानं विचारलं, "सुकडी मिळते ना वेळेवर?" ती म्हणाली, "मिळती की. पर ती खाल्ल्यावर पाणी लागतं साहेब, त्याचं बी वाटप हाय का?" त्यावर मात्र साहेब हसला नाही. टँकर तीन-तीन दिवस येत नव्हता.

त्या साली जयंतीला, विहारासमोर जलसा होता. मी आक्काचं लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला, हातात हातोडी घेतली आणि तिची नक्कल केली. मुकादमाचं काम एका मित्रानं केलं. दुष्काळानं वाळलेली माणसं गडाबडा लोळून हसली. सगळ्यांत जास्त आक्का हसली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "लुगडं लई वर खोचलंस. आन् खडी फोडताना बाई टाच अशी टेकवत न्हाई, ही बघ, अशी." तिनं बसून दाखवलं. ती पोझ मी पुढं पंधरा वर्षं वापरली. टीव्हीवर त्या पोझचं कौतुक झालं, 'निरीक्षणशक्ती' असा शब्द वापरून.

जयंतीनंतर महिन्याभरात पोरगी गेली. हगवण लागली. दोन दिवसांत डोळे आत गेले. झोळी माझ्या टेबलामागंच होती, त्यामुळं मी तिला जाताना पाहिलं. आक्का अधूनमधून उठून यायची आणि वाटीनं पाणी पाजायची. प्रत्येक वेळी ती उठली की मुकादम माझ्याकडं बघायचा, मी खाली बघायचो.

आक्का तीन दिवस कामाला आली नाही. मी वहीत तीन खाडे मांडले. मांडले नसते तर कुणी मला फासावर दिलं नसतं, पण मी प्रामाणिक कारकून होतो. भेकड माणसाला प्रामाणिकपणा फार लवकर सुचतो. चौथ्या दिवशी ती आली, आपल्या जागी बसली, हातोडी हातात घेतली. मुकादमाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण सवयीनं बोलून गेला, "तीन दिवस कुठं होतीस?"

आक्का म्हणाली, "पोरगी गेली, मुकादम. आता पाणी पाजायला उठायचं न्हाई. खडी लई फुटंल."

रांगेतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या. मुकादम वळून गेला तो संध्याकाळपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही. झोळी अजून फांदीलाच होती. ती मी सोडली आणि घडी करून आक्काला दिली.

त्यानंतर वर्षभर ती जेवढ्यास तेवढं बोलायची. मग हळूहळू जिभेवरची धार परत आली. दुसरं मूल झालं, मुलगा. पोरीचं नाव ती कधी काढायची नाही आणि आम्हीही काढलं नाही.

दरम्यान मी नांदेडला एका सरकारी कलापथकात चिकटलो. कुटुंबनियोजन, अल्पबचत, शौचालय, जे वरून येईल त्याच्यावर हसवायचं. जीपगाडीत पेटी, ढोलकी आणि आम्ही सहाजण. कामावरची आक्का हे माझं पात्र झालं. अहमदपूरच्या बाजारात चाललं, कंधारच्या जत्रेत चाललं, पार इस्लापूरला चाललं. तिथं निम्म्या लोकांना मराठी धड कळत नव्हतं, तरी मी टाच टेकवून बसलो की बाया हसायच्या. पोस्टरवर माझं नाव, त्याच्याखाली 'लेखन' म्हणूनही माझंच नाव. महिन्या दोन महिन्यांनी मी रेणापूरला आक्काकडं जायचो. ती भाकरी थापायची आणि मी चुलीसमोर वही घेऊन बसायचो. एखादा विषय टाकायचा, तेवढंच माझं काम.

"आक्का, नसबंदीवर काही बोल की."

"काय बोलू? कारभाऱ्याला म्हणलं, करून घ्या. तर म्हणतो, मी घरी कवा असतो? म्हणलं, त्याचाच तर घोर हाय."

मी हसत हसत लिहून घ्यायचो. ती विचारायची, कुठं हसले, किती हसले, बायका हसल्या का गडी. गडी हसले म्हटलं की तोंड वाकडं करायची. "गड्यांचं काय, ते कुणी पडलं तरी बी हसतात. बायका हसल्या पायजेत." हे शहाणपण मला नंतर कुठल्याही शिबिरात मिळालं नाही, आणि शिबिरं मी पुष्कळ केली. तिच्या ध्यानात येत होतं का, की ती लिहितीय आणि मी उतरवतोय? येत असावं. एकदा म्हणाली, "माझं बोलणं तू गावोगाव इकतोस, मला एक चांगलं लुगडं तरी आण." मी आणलं. तिनं ते जपून ठेवलं, नेसली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना त्या दिवसांचं वारं सांगून कळणार नाही. गोलाईच्या चौकात कमानी, पानाच्या ठेल्यांवर पताका, कचेऱ्यांना रातोरात नव्या पाट्या. जणू पाटी लावली की बोअरला पाणी लागणार होतं. मोठा मांडव पडला, मंत्री येणार होते, मुंबईहून टीव्हीचे लोकही येणार होते. मला निरोप आला, 'दुष्काळ ते नवा जिल्हा' असं वीस मिनिटांचं काहीतरी बसवा. हसतखेळत हवं. मंत्र्यांना रडगाणं आवडत नाही.

मी आक्काकडं गेलो, पण तिच्या घरी पाहुणे होते, तिला उसंत नव्हती. जिल्ह्यावर तिनं एकच वाक्य दिलं, "आधी तालुक्याला जाऊन परत यायचो, आता जिल्ह्याला जाऊन परत यायचं." ते चांगलं होतं, पण मंत्र्यांसमोर कसं म्हणणार? मी नांदेडला परतलो. वही काढून बसलो. वीस मिनिटांचं नाटक, आणि शेवटाला पडदा पाडणारं वाक्यच नव्हतं. स्वतःच्या डोक्यानं लिहून पाहिलं. मलाच हसू येईना. आणि मग, कार्यक्रमाला दोन दिवस राहिले असताना, ते वाक्य आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे, विसरलो कधी होतो? मी ते उचललं. पोरगी कशी घालणार, म्हणून पोरीच्या जागी सासू घातली. सासू मेली की लोक हसतात, हे मला दहा वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. एक शब्द बदलला म्हणजे चोरी पुसली, असं मला खरोखर वाटलं. आणि त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे आक्काला पुढच्या रांगेचा पास पाठवला. माझी बहीण मंत्र्यांच्या जवळ बसली पाहिजे, हा माझा मोठेपणा.

मी आणलेलं ते लुगडं नेसून ती आली होती. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खुर्चीवर. थालीपीठाला ती हसली. मिलोला हसली. शेजारणीला कोपरानं ढोसत होती, बहुतेक सांगत होती, की हे माझं हाय. शेवटी मुकादमाचं काम करणारा ओरडला, "तीन दिवस कुठं होतीस?" मी हातोडी कपाळाला लावली, एक दम घेतला आणि म्हणालो, "सासू गेली, मुकादम! आता पाणी पाजायला उठायचं न्हाई. खडी लई फुटंल!"

मांडव उचलला जातो म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. मंत्री मांडीवर हात मारत होते. टीव्हीवाला कॅमेरा सोडून हसत होता. बायका तर थांबेनात. तिसऱ्या खुर्चीवर आक्का सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि माझ्याकडं बघत होती. मी वाकून नमस्कार केला. वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रेणापूरला गेलो. तिनं जेवायला वाढलं. मी म्हणालो, "आक्का, मी सासू घातली. पोरीचं नावसुद्धा..." ती म्हणाली, "भाकर खा." मी पुन्हा तोंड उघडलं. तिनं ताटात दुसरी भाकरी टाकली. ओरडली असती, हातातलं उलथनं फेकलं असतं, तर मी पाया पडलो असतो. तसं काही झालं नाही. त्या दिवसापासून तिनं मला जेवायला वाढलं, पाणी दिलं, भाऊबीजेला ओवाळलं, पण बोलणं दिलं नाही. विषय टाकला की म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं."

आणि माझं नशीब असं, की नेमकं तेव्हाच मला टीव्हीनं बोलावलं. मुंबईचा निर्माता फार गोड बोलायचा. "तुमची मराठवाड्याची भाषा किती गोड आहे हो," असं तो ज्या सुरात म्हणायचा, त्या सुरात माणसं दुसऱ्याच्या करडाचं कौतुक करतात. मग तीच गोड भाषा पुण्याच्या प्रेक्षकाला कळावी म्हणून कापायला बसायचा. 'करायलाव' काढा, 'कवा' काढा. शेवटी एक 'हाय' आणि एक 'लई' ठेवला. खडी कशी फोडतात ते त्यानं पाहिलं नव्हतं, म्हणून सेटवर थर्माकोलची खडी होती. हातोडी मारली की ती उडायची. प्रेक्षकांना तेही विनोदी वाटलं. पण शेवटचं वाक्य मात्र त्यानं शब्दानंही बदललं नाही. दर भागाच्या शेवटी तेच. सासू गेली, मग शेजारीण गेली, मग म्हैस गेली, मग बदली होऊन साहेब गेले. कोण गेलं ते बदलायचं, खडी मात्र दर वेळी लई फुटायची.

तोपर्यंत आमच्याकडंही टीव्ही दिसू लागला होता. ग्रामपंचायतीत एक, दोन-चार घरांत एक. वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. एसटीत कंडक्टर म्हणायचा, आडत दुकानात हमाल म्हणायचे, मास्तर रजेवर गेले की पोरं ओरडायची. आक्काच्या गल्लीत तर तिच्या दारावरून जाताना मुद्दाम ओरडायची, कारण ही टीव्हीवाल्याची बहीण. कौतुकानंच. भाच्यानं मला सांगितलं, की आवाज आला की आई उठून मागच्या दारी जाते. तिची सासू तेव्हा जिवंत होती. डोळे गेलेली ती म्हातारी फार भली बाई. गावातल्या शहाण्यांनी तिला समजावलं, की हा विनोद तुझ्यावरच आहे. म्हातारी मरेपर्यंत सुनेला विचारायची, "माझं पाणी तुला लई जड होतं का गं?" आक्कानं तिलाही खरं सांगितलं नाही. कसं सांगणार होती?

टीव्ही तीन वर्षांत संपला. नवं काही लिहा, असं निर्माता म्हणू लागला. मी लिहिलं. त्यानं वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, "पूर्वीसारखं उतरत नाहीये." मी त्याला काय सांगणार, की लेखिका रुसली आहे? परत कलापथकात आलो, निवृत्त होईपर्यंत एड्सवर आणि हुंड्यावर लोकांना न हसवता बोललो. वाक्य मात्र माझ्या मागं फिरत राहिलं. मला त्याची शिसारी आली होती. तरी कुणी मानाचं पाकीट पुढं केलं की म्हणायचो. खोटं कशाला बोलू.

काही वर्षांपूर्वी लातूरला माझा मोठा सत्कार ठरला. मी मनाशी ठरवलं, आज खरं सांगायचं. भरल्या सभेत सांगायचं आणि आक्कासमोर सांगायचं. त्या मांडवानंतर ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. भाच्याच्या हातापाया पडलो, तिच्या पडलो. सत्तरी कधीच मागं पडलेली, कंबरेत वाकलेली आक्का शेवटी आली आणि पहिल्या रांगेत बसली. भाषणं झाली, शाल झाली. लोक ओरडू लागले, "आक्का! आक्का! खडी!" मी माईकसमोर गेलो. म्हणालो, हे वाक्य माझं नाही. हे माझ्या बहिणीचं आहे. तिनं सासू म्हटलं नव्हतं. मग मी तिच्याकडं बघून, तिच्याच आवाजात, तिनं म्हटलं होतं तसं म्हणालो, "पोरगी गेली, मुकादम. आता पाणी पाजायला उठायचं न्हाई. खडी लई फुटंल."

सभागृह हसलं. पूर्वीपेक्षा जोरात. शिट्ट्या आल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "नवीन काढलं, नवीन!" मी हात वर करून सांगत राहिलो, अहो हे खरं आहे, हसू नका. त्यावर आणखी हसले. विनोदी नटानं हसू नका म्हटलं की लोकांना तोही विनोदच वाटतो.

कार्यक्रमानंतर मी तिला घेऊन बसस्टँडवर आलो. रेणापूरची गाडी लागायची होती. मी म्हणालो, "आक्का, बोल काहीतरी. शिव्या दे."

ती फलाटाकडं बघत होती. मग म्हणाली, "सासूवर हसले तवा लई लागलं मला. पर मनाला म्हणलं, जाऊ दे, माझी पोरगी तर आत हाय. तिच्यावर कुणी हसलं न्हाई. आज तू तिला हाताला धरून भाहेर आणलंस, आन् त्या लोकांफुडं उभी केलीस."

"मला खरं सांगायचं होतं गं."

"मग मला सांगायचं. त्याला माईक कशाला लागतो?"

गाडी लागली. मी तिची पिशवी उचलून दिली, ती वर चढली आणि खिडकीशी बसली. गर्दी नव्हती. मी तिच्यामागं चढलो. तिनं माझ्याकडं न बघता पिशवी मांडीवरून उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली. मी खाली उतरलो आणि पुढच्या गाडीनं रेणापूरला गेलो.